लिटल मिझुरीच्या काठी तीन दिवस आणि माणशी अकरा लिटर पाणी

रानवाट

गेल्या जूनच्या अखेरीस आम्ही चौघे मिनियापोलिसहून निघून नॉर्थ डकोटाच्या पश्चिम टोकाला, थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर विभागात, पाठीवर बिऱ्हाड घेऊन दोन रात्रींच्या भटकंतीला गेलो होतो. फार्गो आणि बिस्मार्क मागे टाकून बेलफिल्डपर्यंत आय-९४ आणि तिथून उत्तरेला यूएस-८५ असा हा जवळजवळ हजार किलोमीटरचा रस्ता आहे. तासन् तास दोन्ही बाजूंना सपाट शेते आणि गवत दिसत राहते, आणि लिटल मिझुरी नदीचा पूल जवळ आला की समोरची जमीन एकदम खचल्यासारखी खाली उतरते. राखाडी, पिवळसर, निळसर आणि विटकरी पट्ट्यांच्या शेकडो टेकड्या त्या खळग्यात उभ्या असतात. त्यांतल्या ज्यांचा माथा सपाट आणि बाजू उभ्या आहेत, ज्या आजूबाजूच्या जमिनीपासून सुट्या पडल्या आहेत, त्यांना इथे ब्यूट म्हणतात.

आम्ही निवडलेली वाट आकेनबाख या नावाने ओळखली जाते. ज्युनिपर कॅम्पग्राउंडपासून सुरू होऊन तिथेच परत येणारी ही १८ मैलांची, म्हणजे सुमारे २९ किलोमीटरची प्रदक्षिणा आहे, आणि तिच्यात लिटल मिझुरी नदी दोनदा पायी ओलांडावी लागते. एका दिवसात राजगड ते तोरणा चाललेल्या माणसाला हे आकडे वाचून थोडे हसू येते, आणि आम्हा चौघांपैकी तिघांना ते आले होते. चढ किती, उतार किती, वाट घसाऱ्याची आहे का, असे सगळे प्रश्न आम्ही विचारले. पाण्याचा प्रश्न मात्र आम्ही सवयीने शेवटी ठेवला, कारण गडावर कुठेतरी टाके असणारच हे आमच्या पिढ्यान् पिढ्यांच्या अंगात भिनलेले आहे.

उद्यानाचा सांगावा स्पष्ट आहे की माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी स्वतः वाहून न्यावे. तीन दिवसांचे अकरा लिटर होतात, आणि अकरा लिटर म्हणजे तंबू, अंथरूण, शिधा यांच्यावर आणखी अकरा किलो. यावर आम्ही काढलेला तोडगा असा होता की आमच्या दोन मोटारींपैकी एक ऑक्सबो ओव्हरलुक या ठिकाणी ठेवावी. उद्यानातला रस्ता तिथे संपतो आणि आकेनबाखची वाटही तिथून जाते. निम्मे पाणी त्या मोटारीत ठेवून आम्ही प्रत्येकी सहा लिटर घेऊन निघालो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीपाशी पोहोचू असा हिशेब धरला. परवाना देणाऱ्या रेंजरबाईंनी तो हिशेब ऐकून घेतला आणि पाऊस आला तर काय कराल, एवढेच विचारले. आम्ही रेनकोट दाखवले.

पहिला दिवस अपेक्षेपेक्षा सुंदर गेला. नदी गुडघाभर होती, तिचा रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा होता आणि तळाचा गाळ पाऊल धरून ठेवत होता. पलीकडच्या चढावर सेजब्रशच्या राखाडी झुडपांतून चालताना पँटला लागलेला कडू-गोड वास रात्री तंबूतही येत राहिला. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ज्युनिपरची दाट झाडी आणि दक्षिणेकडच्या उतारांवर उघडी माती, असा एकाच टेकडीचा दोन तऱ्हांचा चेहरा सगळीकडे दिसतो. सावली मात्र त्या झाडीतच आहे, आणि वाट बहुतेक वेळा उघड्या बाजूने जाते.

दुसऱ्या दिवशी एका अरुंद दांडावर रानगव्याएवढा, किंबहुना अधिक भारदस्त असा एक एकटा बायसन वाटेतच बसलेला होता. दोन्ही बाजूंना ढासळती घळ असल्यामुळे त्याला वळसा घालणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही मागे सरून दीड तास थांबलो. त्या दीड तासाने आमचा हिशेब मोडला. नदीचा दुसरा उतार आम्ही दुपारी तीनला पार केला आणि साडेतीनला पश्चिमेकडून वादळ आले. विजा थांबेपर्यंत आम्ही उंच कॉटनवुड झाडांपासून दूर, सखल जागी, सॅकवर उकिडवे बसून राहिलो. पाऊस जेमतेम अर्धा तास पडला असेल.

त्यानंतर वाट नाहीशी झाली, असेच म्हणावे लागेल. इथल्या मातीला स्थानिक लोक गम्बो म्हणतात. कोरडी असताना ती पायाखाली कुरकुरते, आणि भिजली की वरचा थर साबणासारखा निसरडा होतो व खालचा थर बुटाला चिकटून वर येतो. दहा पावलांत एकेका बुटाचा आकार पाटीएवढा झाला. काठीने खरवडून काढावे तर काठीलाही तेच लागे. ऑक्सबोची चढण तिथून २.४ मैलांची आहे. आम्ही तासाभरात त्यातले दोनशे मीटरही गेलो नाही आणि एक जण दोनदा घसरून खाली आला. शेवटी नदीकाठच्या उंचवट्यावर तंबू लावला आणि उरलेले पाणी मोजले, तेव्हा चौघांत मिळून अडीच लिटर भरले. वर गाडी होती, गाडीत बावीस लिटर पाणी होते, आणि मधे भिजलेली माती होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन आणि वारा सुटल्यावर अकराच्या सुमारास वरची साय वाळली आणि आम्ही वर पोहोचलो. कोणाला काही इजा झाली नाही. तरीही हे सविस्तर लिहावेसे वाटले, कारण इथल्या वाटेची अवघडता मैलांत किंवा उंचीत मोजणारा माणूस आमच्यासारखाच फसेल असे मला वाटते. अनुभवी मंडळींनी भर घालावी.

टाकेशोधक

अनुभव प्रांजळपणे लिहिल्याबद्दल आभार. एक गोष्ट मात्र मला उमगली नाही. तुम्ही नदीच्या काठावरच मुक्काम केला होता आणि हल्ली प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाणी गाळण्याचे साधन असते. मग अडीच लिटरची चिंता का करावी लागली? आम्ही हिमालयात ओढ्याचे पाणी गाळून सर्रास पितो.

रानवाट

प्रश्न रास्त आहे, आणि आम्हीही त्याच भरवशावर होतो. हिमालयातल्या ओढ्यात वाळू असते, ती खाली बसते. लिटल मिझुरीच्या पाण्यातला गाळ इतका सूक्ष्म आहे की भांडे रात्रभर स्थिर ठेवले तरी तो तरंगतच राहतो. आमच्या गाळणीने पाऊण लिटर दिले आणि मग पिशवी दोन्ही हातांनी पिळली तरी थेंब येईना. उलटे पाणी मारून ती साफ करायची तर त्यासाठी स्वच्छ पाणी हवे.

त्या वेळी उपयोगी पडली ती तुरटी. आमच्यातला एक मित्र अशा भटकंतीतही दाढीचा डबा घेऊन येतो, आणि सामान हलके करण्याच्या आमच्या मोहिमेत त्या डब्यावरून त्याची पहिल्या दिवसापासून थट्टा चालली होती. त्याच डब्यात तुरटीचा खडा होता. आजोळी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवतात तशी ती आम्ही पातेल्यातल्या पाण्यात आठ-दहा वेळा फिरवली. अर्ध्या तासात पाण्यात कापसाच्या पुंजक्यांसारखे काही दिसू लागले, आणि पहाटेपर्यंत तळाशी बोटभर राखाडी चिखल व वर बऱ्यापैकी नितळ पाणी झाले. ते निवळून घेऊन कापडातून गाळले आणि चांगले उकळले.

मात्र तुरटीने गाळ बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत, आणि गाळण्याने किंवा उकळण्यानेही ते जात नाहीत. या भागातल्या पाण्यात सोडियम आणि सल्फेट भरपूर असतात. चव किंचित कडवट लागते आणि जास्त प्यायल्यास पोट बिघडते, म्हणजे तहान भागवायला प्यावे आणि जुलाबाने आहे तेही पाणी जावे असा प्रकार होऊ शकतो. वरच्या अंगाला गुरे चरतात हा भाग वेगळाच. म्हणून आम्ही ते पाणी अगदी थोडे वापरले आणि मुख्य भिस्त ठेवली ती तंबूच्या बाहेरच्या कापडावरून ओघळणारे पावसाचे पाणी पातेल्यात धरण्यावर. संध्याकाळी दुसरी सर आली तेव्हा असे चारेक लिटर मिळाले.

भूस्तर

तुमच्या बुटाला चिकटलेल्या त्या मातीविषयी थोडे लिहितो, कारण गाळणी का तुंबली आणि वाट का नाहीशी झाली या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

या टेकड्यांचे थर पॅलिओसीन काळातले, ढोबळमानाने सहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पश्चिमेकडे रॉकी पर्वत वर येत होते, तिथून वाहत आलेल्या नद्यांनी इथल्या दलदलीच्या सखल प्रदेशात वाळू, गाळ आणि चिकणमाती साठवली. दलदलीतल्या वनस्पतींचा लिग्नाइट कोळसा झाला आणि काही बुंध्यांचे दगड झाले. दक्षिण विभागातल्या अश्मीभूत अरण्यात ते आजही पडलेले दिसतात. पश्चिमेच्या ज्वालामुखींची राख वाऱ्याबरोबर येऊन याच थरांत पडली, आणि काळाच्या ओघात तिचे बेंटोनाइट झाले. बेंटोनाइटच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि ती माती कित्येक पटींनी फुगते. वाळल्यावर आक्रसते, म्हणून कोरड्या उतारांवर पॉपकॉर्नसारखी भुसभुशीत पुटे दिसतात. हेच कण पाण्यात विखुरले की एकमेकांना दूर लोटत राहतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे ते दूर लोटणे संपते व कण एकमेकांना चिकटून जड होतात. मित्राच्या दाढीच्या डब्याने केले ते हेच.

आता ब्यूटविषयी. एवढ्या मऊ मातीत टेकडी टिकते ती डोक्यावरच्या टोपीमुळे. कधी ती टोपी वालुकाश्माची असते आणि कधी लाल रंगाच्या एका भाजलेल्या खडकाची. वीज किंवा वणव्यामुळे लिग्नाइटचा थर पेटतो, वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि त्याच्या वरची माती भट्टीत विटा भाजाव्यात तशी भाजून निघते. वीटभट्टीत जास्त भाजून जुळून गेलेल्या खंगर विटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा खडक लगेच ओळखता येईल. स्थानिक लोक त्याला स्कोरिया म्हणतात आणि रस्त्यांवर खडी म्हणून घालतात, पण स्कोरिया हा खरे तर ज्वालामुखीचा खडक आहे. याचे योग्य नाव क्लिंकर.

दख्खनच्या लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा सह्याद्रीचा कातळ थंड होऊन थोडाच काळ गेला होता आणि इथे दलदली साचू लागल्या होत्या, असे भूशास्त्राच्या घड्याळाने म्हणायला हरकत नाही. कठीण थराने मऊ थराला झाकून सपाट माथा टिकवणे ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे, पण आपल्याकडे कातळ पाण्याला टाक्यात धरून ठेवतो आणि इथली माती पाणी पिऊन स्वतःच वाहून जाते.

नदीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. लिटल मिझुरी पूर्वी उत्तरेकडे वाहत जाऊन तिचे पाणी हडसन उपसागराला मिळत असे. हिमयुगात आलेल्या बर्फाच्या भिंतीने तिची वाट अडवली, तिला पूर्वेकडे वळावे लागले, आणि नवा मार्ग अधिक उताराचा असल्यामुळे तिने खाली झपाट्याने कापायला सुरुवात केली. उत्तर विभागात नदी जिथे एकदम उजवीकडे वळते, ते वळण हा त्याचाच पुरावा आहे.

चाकोरीबाहेर

मी दोन वर्षांपूर्वी याच मुलखात ‘माह दाह हे’ या वाटेचा काही भाग चाललो आहे. ही वाट १४४ मैलांची असून उद्यानाचे विभाग आणि त्यांच्यामधला लिटल मिझुरी राष्ट्रीय गवताळ प्रदेश यांना जोडते. मंडान या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘दीर्घकाळ राहिलेली आणि राहणारी जागा’ असा सांगतात, आणि वाटेवरच्या लाकडी खांबांवर कासवाची खूण डागलेली असते.

रानवाट यांच्याशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. गाडीत पाणी ठेवण्याची युक्ती चांगली असली तरी ती एकाच ठिकाणावर सगळा भरवसा टाकते. माह दाह हेवर वनखात्याचे कॅम्पग्राउंड ठरावीक अंतरांवर आहेत आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी हातपंप आहेत, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे चालावे, आणि तिथेही पंप बंद असू शकतो असे धरून एका टप्प्याचे जादा पाणी ठेवावे. आमचा एक पंप बंद निघाला तेव्हा ते जादा पाणीच कामी आले. दुसरे असे की जूनपेक्षा सप्टेंबर बरा. उष्मा कमी असतो, वादळे कमी असतात, गोचिडी जवळजवळ नसतात आणि कॉटनवुडची पाने पिवळी झालेली असतात. उन्हाळ्यातच जायचे असेल तर पहाटे पाचला चालायला लागून अकराला थांबावे.

गवताळ प्रदेशात गुरे चरायला सोडलेली असतात आणि वाट कुंपणांच्या फाटकांतून जाते, तेव्हा फाटक ओलांडल्यावर ते लावून घेणे हा तिथला पहिला शिष्टाचार समजावा. सायकलस्वारांसाठी सांगतो की राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत या वाटेवर सायकलला मनाई आहे. आणखी एका गोष्टीची मनाची तयारी ठेवून जावे: हा बाक्कन तेलक्षेत्राचा भाग आहे. रात्री ब्यूटच्या कडेवर बसून आकाशगंगा पाहत असताना क्षितिजावर जळणाऱ्या वायूच्या नारिंगी ज्वाला दिसतात, आणि यूएस-८५ वर टँकरची रांग असते. निर्जन प्रदेश म्हणून आलेल्या माणसाला ते खटकते. मला तरी खटकले.

पाटीपेन्सिल

आमची मुले नऊ आणि सहा वर्षांची आहेत. धागा वाचून पाठीवर तंबू घेण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे, पण गाडीने जाऊन मुक्काम करता येईल का? बायसनची भीती किती बाळगावी? आणि त्या प्रदेशात सापही आहेत असे ऐकले.

रानवाट

जरूर जा. उत्तर विभागात ज्युनिपर आणि दक्षिण विभागात मेडोरा गावाजवळ कॉटनवुड अशी दोन कॅम्पग्राउंड आहेत, दोन्हीकडे गाडी तंबूपर्यंत जाते. मुलांना दक्षिण विभागात विंड कॅन्यनची छोटी वाट झेपेल. वर पोहोचताच नदीचे मोठे वळण खाली दिसते. प्रेअरी डॉगच्या वसाहतीपाशी मुले तासभर हलणार नाहीत. हे खारीच्या कुळातले प्राणी बिळाच्या तोंडाशी उभे राहून भुंकतात, म्हणूनच त्यांच्या नावात कुत्रा आला आहे. बिळांत हात घालू देऊ नका, कारण रॅटलस्नेकही त्या बिळांचा आसरा घेतात. साप आम्हाला एकदाच दिसला, तोही खुळखुळा वाजवून आधी सूचना देऊन. गोचिडी मात्र रोज संध्याकाळी मोज्यांच्या कडेपासून मानेपर्यंत शोधाव्या लागतात.

बायसनपासून निदान २५ यार्ड दूर राहावे असा नियम आहे, आणि तो कमीत कमी समजावा. दिसायला तो आपल्या गोठ्यातल्या म्हशीसारखा संथ वाटतो आणि तिथेच माणसे फसतात, कारण हा प्राणी ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतो. त्याने शेपटी ताठ वर केली की आपण मागे फिरावे. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत त्यांचा माजाचा काळ असतो, तेव्हा अंतर आणखी वाढवावे. आज इथे दिसणारे कळप पुन्हा आणून सोडलेल्यांचे वंशज आहेत. दक्षिण विभागात १९५६ मध्ये आणि उत्तर विभागात १९६२ मध्ये बायसन आणले गेले. १८८३ मध्ये तरुण रूझवेल्ट इथे बायसनच्या शिकारीसाठी आले तेव्हाच ते जवळजवळ संपले होते, आणि त्यांना एक मिळवायलाही बरेच दिवस भटकावे लागले होते.

एक व्यावहारिक सूचना अशी की दक्षिण विभाग माउंटन वेळेवर चालतो आणि उत्तर विभाग सेंट्रल वेळेवर, म्हणजे एकाच उद्यानात घड्याळ तासाभराने बदलते. जूनच्या अखेरीस उत्तर विभागात सूर्यास्त रात्री दहाच्या जवळपास होतो. मुलांना अंधारात तारे दाखवायचे असतील तर दुपारी झोपवून ठेवा.

टाकेशोधक

तुरटीचे पटले. शेवटची शंका शिध्याबद्दल आहे. सुकवलेले पदार्थ हलके म्हणून आम्ही तेच नेतो. इथे काय करावे?

रानवाट

इथे नेमके तेच आमच्या अंगाशी आले. सुकवलेल्या जेवणाचे एक पाकीट भिजवायला दोन कप पाणी लागते, म्हणजे जे वजन शिध्यात वाचले ते पाण्यात परत आले. दुसऱ्या रात्री अडीच लिटर पाणी समोर असताना ती पाकिटे कोणी उघडली नाहीत. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ यांवर आम्ही चौघे जेवलो. उद्यानाच्या आतल्या भागात शेकोटीला मनाई असल्यामुळे छोटी गॅसची शेगडी होती, तिच्यावर एक घोटभर चहा केला आणि भांडी ओल्या सेजब्रशने पुसली.

चाकोरीबाहेर यांचा मुद्दा मान्य आहे. पुढच्या वेळी आम्ही सप्टेंबरात माह दाह हेवर जाणार आहोत, आणि निघण्यापूर्वी वॉटफर्ड सिटीजवळच्या नदीमापकाचे आकडे व पावसाचा अंदाज दोन्ही पाहूनच परवाना घेणार आहोत. पंपांमधल्या प्रत्येक टप्प्यासाठी माणशी सहा लिटर धरले आहेत. दाढीच्या डब्याची थट्टा बंद झाली असून, मित्राने त्यात आता तुरटीचे दोन खडे ठेवले आहेत.